व्हिडिओ डिस्कवर बसवताना: आधी भागाकार, मग कॉम्प्रेशन

मोठी व्हिडिओ फाइल आहे, समोर कोरी डिस्क आहे, आणि फाइल काही डिस्कवर मावत नाही. अशा वेळी बहुतेक जण एखादा कन्व्हर्टर उघडतात, त्यातला ‘हाय क्वालिटी’ नावाचा पर्याय निवडतात आणि काय बाहेर येतं ते बघतात. फाइल अजूनही मोठी निघाली, तर ती बाहेर आलेली फाइलच पुन्हा कन्व्हर्टरमध्ये घालतात. दुसऱ्या फेरीनंतर फाइल मावते, पण चेहरे मेणाचे दिसू लागतात आणि अंधाऱ्या भागात चौकोन नाचतात. मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. दोष त्या दुसऱ्या फेरीचा असतो.

हे मी अनुभवाने सांगते. घरातल्या जुन्या टेपा पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेतल्या तेव्हा मी त्या घाईने लहान केल्या, हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून मोठ्या फाइल पुसल्या, आणि काही वर्षांनी टेपांना बुरशी लागली. आज त्या चित्रणात आजीने मान वळवली की तिच्या गालावर चौकोन उमटतात. ते आता कशानेही दुरुस्त होत नाहीत. म्हणून हा लेख सगळा एकाच गोष्टीभोवती आहे: मूळ फाइलवरून, गणित करून, एकदाच कॉम्प्रेस करा.

‘दर्जा न गमावता’ म्हणजे काय

कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेली फाइल आधीच कॉम्प्रेस झालेली असते. फुल एचडी चित्र, म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, काहीही न दाबता साठवलं तर एका तासाला सुमारे २८० जीबी लागतील. तेच चित्र कॅमेरा २४ मेगाबिट प्रति सेकंद या दराने नोंदवतो तेव्हा तास होतो सुमारे १०.८ जीबीचा. म्हणजे पंचवीसपट दाबण्याचं काम कॅमेऱ्यानेच उरकलेलं आहे. अशा फाइलला झिप केलं तर आकार जेमतेम हलतो, कारण झिपला सापडेल अशी पुनरावृत्ती उरलेलीच नसते.

तेव्हा एक बिटही न गमावता मोठी व्हिडिओ फाइल निम्मी होत नाही. तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आपण मिळवू शकतो ती गोष्ट वेगळी आहे: जे जाईल ते डोळ्यांना जाणवणार नाही असं असावं. आणि ते अगदी शक्य आहे, कारण कॅमेऱ्याला चित्रणाच्या क्षणी घाईत कॉम्प्रेस करावं लागतं. तुमच्या कॉम्प्युटरला तीच फाइल रात्रभर सावकाश तपासता येते. त्या जादा वेळाच्या मोबदल्यात जागा वाचते.

एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, काय करतो ते थोडक्यात समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. तो काही फ्रेम पूर्ण साठवतो. मधल्या फ्रेमसाठी फक्त काय बदललं, काय कुठून कुठे सरकलं एवढंच नोंदवतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रात फ्रेमगणिक फार थोडं बदलतं, म्हणून ते स्वस्तात साठतं. वाहतं पाणी, वाऱ्यावरची पानं, गर्दी, लुकलुकणारे दिवे, हातात थरथरणारा कॅमेरा यांत प्रत्येक फ्रेम नवी असते. म्हणून दोन तासांच्या दोन फाइलना सारखीच जागा देऊन सारखाच दर्जा मिळत नाही.

डिस्कवर खरंच किती मावतं

डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं. ते जीबी एक अब्ज बाइटचे. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तीच डिस्क तिथे ४.३८ जीबीच्या आसपास दिसते. डिस्क तीच, मोजपट्टी वेगळी. दोन थरांची डीव्हीडी ८.५ जीबीची, विंडोजच्या हिशेबाने ७.९६. एका थराची ब्ल्यू-रे २५ जीबीची, विंडोजमध्ये २३.३.

शेवटच्या बाइटपर्यंत भरू नका. डिस्क आतून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते, आणि बाहेरची कड हाच तिचा सर्वांत नाजूक भाग: बोटं तिथे लागतात, चरे तिथे पडतात, लिहिताना चुकाही तिथे जास्त होतात. ४.७ पैकी ४.५ जीबी वापरायची असं मी ठरवून टाकलं आहे.

आता भागाकार. ४.५ जीबी म्हणजे ४५०० मेगाबाइट, म्हणजे (एका बाइटचे आठ बिट धरून) ३६,००० मेगाबिट. त्याला व्हिडिओच्या सेकंदांनी भागलं की प्रत्येक सेकंदाला किती मेगाबिट खर्च करता येतील ते कळतं. यालाच बिटरेट म्हणतात. मिनिटांत मोजायचं तर गणित तोंडी होतं: ६०० भागिले मिनिटं. दीड तासाच्या व्हिडिओला ६.६ मेगाबिट मिळतात, दोन तासांना ५, अडीच तासांना ४, तीन तासांना ३.३. दोन थरांच्या डीव्हीडीसाठी ६०० ऐवजी १०९० घ्या, २५ जीबीच्या ब्ल्यू-रेसाठी ३२००, आणि ७०० एमबीच्या सीडीसाठी ९३.

या आकड्यात आवाजही धरलेला आहे. आवाजाचे १६० किलोबिट वजा केले तर दोन तासांच्या व्हिडिओत चित्रासाठी ४.८ मेगाबिट उरतात.

हा आकडा पुरेसा आहे का? फुल एचडी, एच.२६४ (व्हिडिओ दाबण्याची सर्वत्र चालणारी पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम अशा साध्या घरगुती चित्रणाला ५ ते ८ मेगाबिट मिळाले तर मला फरक दिसत नाही. ३ वर आल्यावर हालचालीच्या प्रसंगांत दिसतो. एच.२६५ या तिच्या नव्या पिढीला तेवढ्याच दर्जासाठी साधारण तीस ते चाळीस टक्के कमी लागतात. तीन तासांचं फुल एचडी एका डीव्हीडीवर कोंबायचं असेल आणि एच.२६५ वापरता येत नसेल, तर चित्र १२८० गुणिले ७२० वर आणा. तितक्याच बिटमध्ये थोडं मऊ पण स्वच्छ चित्र मिळतं, आणि तीक्ष्ण पण चौकोनांनी भरलेल्या चित्रापेक्षा ते केव्हाही बरं.

ही डिस्क कुठे लागणार आहे

हा प्रश्न सॉफ्टवेअर उघडण्याआधी सोडवा, कारण ‘डीव्हीडी बनवणं’ या एकाच शब्दाखाली दोन निराळी कामं आहेत.

एक, डेटा डिस्क. डीव्हीडीचा पेनड्राइव्हसारखा वापर. त्यावर एमपी४ किंवा एमकेव्ही फाइल ठेवायची आणि कॉम्प्युटरवर बघायची. इथे एच.२६४ किंवा एच.२६५ वापरता येतं, फुल एचडी ठेवता येतं.

दोन, डीव्हीडी-व्हिडिओ. टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरमध्ये घातली की चालू होणारी. तिचे नियम ठरलेले आहेत: चित्र एमपीईजी-२ (किंवा त्याहून जुन्या एमपीईजी-१) या पद्धतीनेच दाबलेलं, आणि आकार पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, अमेरिकेतल्या एनटीएससीत ७२० गुणिले ४८०. तुमचं फुल एचडी चित्रण इथे लहान होणारच, त्याला इलाज नाही.

पाहणारा कोण आहे ते विचारा. वयस्कर माणसाच्या घरी फक्त जुना प्लेअर असेल तर दुसराच मार्ग. आपल्यासाठी जपून ठेवायचं असेल तर पहिला. शक्य असेल तर दोन्ही करा, पण दोन्ही मूळ फाइलवरून करा. एमपी४ बनवून त्यावरून डीव्हीडी-व्हिडिओ बनवली तर पुन्हा दोन फेऱ्या झाल्या.

आधी फुकटची जागा वाचवा

कॉम्प्रेशनला हात लावण्याआधी काही गोष्टी दर्जाला धक्का न लावता आकार कमी करतात, आणि नवखी माणसं नेमकी हीच पायरी सोडून देतात.

मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि मूळ फाइल त्यात उघडा. चित्राचा आकार, फ्रेमदर, बिटरेट, कोडेक (दाबण्याची पद्धत), आवाजाचे किती ट्रॅक आहेत आणि चित्र इंटरलेस्ड आहे की प्रोग्रेसिव्ह (याचा अर्थ पुढे येईल), हे सगळं कागदावर लिहून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी लागतं.

मग नको ते कापा. चित्रणाच्या सुरुवातीला जमिनीकडे रोखलेला कॅमेरा, शेवटी बंद करायचा राहून गेलेला, मध्ये दहा मिनिटं रिकामं स्टेज. लॉसलेसकट किंवा अॅव्हिडेमक्समध्ये हे पुन्हा एन्कोड न करता कापता येतं. अॅव्हिडेमक्समध्ये त्यासाठी चित्र आणि आवाज दोन्हींच्या आउटपुटला ‘कॉपी’ निवडलेलं असायला हवं. अट एकच: कट की-फ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच स्वच्छ बसतो, तेव्हा दोन-चार सेकंद इकडेतिकडे होतील. ते मान्य करा. दोन तासांतली वीस मिनिटं गेली तर बिटरेट ५ वरून ६ वर जातो, आणि ही वाढ बऱ्याच सेटिंगपेक्षा मोठी आहे.

आवाजाकडे बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज पीसीएम म्हणजे न दाबलेला असतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा पीसीएम सेकंदाला १५३६ किलोबिट खातो, म्हणजे तासाला ६९१ एमबी. तोच एसी३ या दाबलेल्या प्रकारात १९२ किलोबिटवर ठेवला तर तासाला ८६ एमबी. भाषणं, गप्पा, घरगुती समारंभ यांत हा फरक कानाला कळत नाही. गाण्याची मैफल असेल तर मात्र एसी३ ला किंवा एएसी या तशाच दुसऱ्या प्रकाराला २५६ किलोबिट तरी द्या. संगीताच्या चित्रणात चित्र थोडं मऊ झालं तर चालतं, तंबोरा भुरकट झाला तर चालत नाही.

आणि मोठी डिस्क हाही पर्याय आहे. मिनी डीव्ही टेपचं चित्रण कॉम्प्युटरवर घेतलं की तासाला सुमारे १३ जीबी होतं. दीड तासाची टेप २५ जीबीच्या ब्ल्यू-रेवर जशीच्या तशी मावते, काहीच दाबावं लागत नाही. ब्ल्यू-रे लिहिणारा ड्राइव्ह नसेल तर चार तासांचा कार्यक्रम दोन डीव्हीडींवर वाटा. मध्यंतरात डिस्क बदलायला कोणाची हरकत नसते.

हँडब्रेकमध्ये डेटा डिस्कसाठी फाइल बनवणं

हँडब्रेक मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. डाउनलोड करताना त्याच्या अधिकृत साइटवरूनच करा.

फाइल उघडा. तयार प्रीसेटच्या यादीतून मूळ चित्राच्या आकाराला जुळणारा प्रीसेट घ्या, ही फक्त सुरुवात. फॉरमॅट एमपी४ ठेवा. ‘डायमेन्शन्स’मध्ये आकार मूळइतकाच राहिलाय ना ते बघा. तो वाढवू मात्र कधीही नका: ७२० चं चित्र १०८० करून तपशील येत नाहीत, फक्त बिट खर्च होतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या हँडब्रेक बहुधा आपोआप कापतं. जुन्या व्हीएचएस टेपवरून घेतलेल्या चित्राच्या तळाशी तुटक, थरथरणारी एक पट्टी असते. ती हाताने कापा. चित्रात तिचा काही उपयोग नाही, आणि ती सतत हलत असल्यामुळे बिट खाते.

‘व्हिडिओ’ टॅबवर फ्रेमदर ‘सेम अॅज सोर्स’ ठेवा. फाइल जुन्या यंत्रांवरही चालायला हवी असेल तर एन्कोडर एच.२६४, फक्त नव्या कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर एच.२६५, आणि त्यातलाही १० बिट. संध्याकाळच्या आकाशात किंवा भिंतीवरच्या सावलीत जे पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात ते १० बिटमुळे बरेच कमी होतात. ग्राफिक्स कार्डाच्या नावाचे एन्कोडरही यादीत दिसतील. ते फार वेगवान असतात, पण त्याच दर्जाला जास्त जागा घेतात. जागा कमी पडणं हीच आपली अडचण, म्हणून इथे ते टाळा.

वेगाची पट्टी ‘स्लो’वर न्या. ‘स्लो’ म्हणजे एन्कोडर जास्त शोधाशोध करतो आणि त्याच आकारात जास्त दर्जा देतो. ‘स्लोअर’नेही थोडा फायदा होतो, त्यापुढे वेळ खूप जातो आणि हाती फार काही लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा निवाडा. दर्जा ठरवायचे दोन मार्ग समोर असतात: ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ आणि ‘अॅव्हरेज बिटरेट’. पहिल्यात तुम्ही दर्जा ठरवता आणि आकार जो येईल तो येतो. दुसऱ्यात आकार ठरवता आणि दर्जा जो येईल तो येतो. डिस्कवर मावायला हवं म्हणजे बिटरेटच, असं वाटणं साहजिक आहे, आणि बरेच मार्गदर्शक तसंच सांगतात. मी उलटं सांगेन. आधी कॉन्स्टंट क्वालिटीवर करून बघा. तिथे दर्जा ‘आरएफ’ नावाच्या आकड्याने ठरतो: तो जितका लहान तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी. जुन्या टेपच्या आकाराच्या चित्राला १८ ते २२, ७२० ला १९ ते २३, फुल एचडीला २० ते २४ या पट्ट्यात राहा. मी फुल एचडीला २१ पासून सुरू करते.

संपूर्ण फाइल एन्कोड करायची गरज नाही. वरच्या बाजूला ‘चॅप्टर्स’ऐवजी ‘सेकंद’ निवडता येतात. तीन जागा निवडा: एक सर्वांत हालचालीची, एक अंधारी, एक साधी बोलण्याची. प्रत्येकी दोन मिनिटं काढा. आरएफ २१ ला या तीन तुकड्यांचा सरासरी आकार मिनिटाला किती पडतो बघा आणि एकूण मिनिटांनी गुणा. अंदाज थोडा जास्तच निघेल, कारण तुम्ही अवघड जागा निवडल्यात. ४.५ जीबीच्या आत बसत असेल तर झालं. जास्त बिट ओतून फाइल मुद्दाम डिस्कभर फुगवायची गरज नाही.

बसत नसेल तरच बिटरेटकडे वळा. भागाकारातून आलेला आकडा, आवाज वजा करून, किलोबिटमध्ये भरा: ४.८ मेगाबिट म्हणजे ४८००. सोबत ‘मल्टी-पास’ची खूण करा, जुन्या आवृत्तीत ती ‘टू-पास’ नावाने आहे. पहिल्या फेरीत एन्कोडर फक्त बघतो, कुठे सोपं आहे, कुठे अवघड. दुसऱ्या फेरीत सोप्या प्रसंगांतले बिट वाचवून अवघड प्रसंगांना देतो. या दोन फेऱ्या मी वर नाकारलेल्या दोन फेऱ्या नव्हेत. इथे दोन्ही वेळा मूळ फाइलच वाचली जाते, म्हणून चित्राचं काही नुकसान होत नाही.

तपासताना तुकडा मोठ्या पडद्यावर, चालू स्थितीत बघा. थांबवून एकेक फ्रेम मोठी करून बघितली तर कुठलीही कॉम्प्रेस केलेली फाइल वाईट दिसेल, आणि तुम्ही विनाकारण आकडे वाढवत बसाल. केस, गवत, अंधाऱ्या कोपऱ्यातली भिंत आणि मान वळवणारा चेहरा, या चार जागा मी बघते.

दोन गोष्टी ज्या सगळं बिघडवतात

पहिली, इंटरलेसिंग. जुने कॅमेरे आणि जवळजवळ सगळ्या टेपा एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत नोंदवतात: एकदा विषम ओळी, एकदा सम. दोहोंमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागाचं अंतर असतं. कॉम्प्युटरवर असं चित्र जसंच्या तसं दाखवलं तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते दात एन्कोडरला बारीक तपशील वाटतात आणि तो त्यांच्यावर बिट उधळतो. म्हणजे चित्रही वाईट आणि जागाही गेली.

कॉम्प्युटरवर बघायच्या फाइलसाठी ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस चालू करा. यादिफ किंवा बीडब्ल्यूडीआयएफ चांगले आहेत, आणि त्यांतला ‘बॉब’ प्रकार दोन्ही अर्ध्या चित्रांची पूर्ण फ्रेम करून २५ ऐवजी सेकंदाला ५० फ्रेम देतो. नाच, खेळ, धावणारी मुलं यांत हा फरक लगेच कळतो: टेपवर जी सलग हालचाल होती ती परत मिळते. त्यासाठी फ्रेमदरही ५० ठेवावा लागतो. मात्र टेपवरून डीव्हीडी-व्हिडिओ बनवताना हे करू नका. डीव्हीडी-व्हिडिओला इंटरलेस्ड चित्र चालतं आणि टीव्ही ते स्वतः सोडवतो. तिथे फक्त अर्ध्या चित्रांचा क्रम बरोबर सांगावा लागतो. मिनी डीव्हीत खालचं अर्धं चित्र आधी येतं, बऱ्याच इतर प्रकारांत वरचं. क्रम उलटा पडला तर प्रत्येक हालचाल पुढे-मागे हिसके देत होते. तसं दिसलं की फाइल खराब नाही, क्रम चुकलाय, हे ओळखा.

दुसरी, दाणा. कमी उजेडात काढलेल्या चित्रात सगळीकडे मुंग्या चालल्यासारखे ठिपके असतात. ते प्रत्येक फ्रेममध्ये नवे असतात, म्हणून एन्कोडरला ती सतत बदलणारी माहिती वाटते. अंधाऱ्या खोलीतलं साधं चित्रण दिवसाच्या गर्दीपेक्षा मोठी फाइल करतं ते याचमुळे. हँडब्रेकमधला एनएलमीन्स फिल्टर ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’वर लावला तर आकार चांगलाच उतरतो. तो फार सावकाश चालतो, घाई असेल तर एचक्यूडीएन३डी वापरा. पण त्यापुढे जाऊ नका. जोरात लावलेला फिल्टर दाण्यांबरोबर सुरकुत्या, साडीचं पोत, केसांच्या बटा सगळं पुसतो, आणि माणसं बाहुल्यांसारखी दिसतात. स्वच्छ उजेडातल्या चित्राला फिल्टर लावूच नका.

टीव्हीच्या प्लेअरसाठी डीव्हीडी-व्हिडिओ

हँडब्रेक हे काम करत नाही. त्यासाठी ऑथरिंगचं, म्हणजे प्लेअरला समजेल अशी डिस्क बांधणारं, सॉफ्टवेअर लागतं, आणि मोफत असलेल्यांत नवख्या माणसाला डीव्हीडीस्टायलर सोपं पडतं. डिस्कचा आकार निवडा, व्हिडिओचा बिटरेट ‘ऑटो’वर ठेवा, मूळ फाइल खाली ओढून टाका. डिस्क किती भरली ते तेच दाखवतं.

पाल की एनटीएससी, हे फ्रेमदर बघून ठरवा. २५ किंवा ५० फ्रेमचं चित्रण पालमध्ये, ३० किंवा ६० चं एनटीएससीत. उलट केलं तर फ्रेम गाळाव्या किंवा दुप्पट कराव्या लागतात आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. फोनच्या चित्रणात फ्रेमदर मध्येच कमीजास्त होतो, डीव्हीडीला तो एकसारखा लागतो. डिस्क लिहिण्याआधी बनलेल्या चित्रणाच्या शेवटी ओठ आणि आवाज जुळताहेत का ते नक्की बघा.

एमपीईजी-२ ला जागा जास्त लागते, त्याचं एक कारण असं: पाल डीव्हीडीत एका गटात जास्तीत जास्त १५ फ्रेमच असू शकतात, म्हणजे सेकंदाच्या सहा दशांश भागात एक पूर्ण फ्रेम साठवावीच लागते. एच.२६४ ला असं बंधन नाही, तिथे एक पूर्ण फ्रेम दहा सेकंदही पुरू शकते. शिवाय डिस्कच्या बांधणीलाही थोडी जागा जाते, म्हणून इथे भागाकारात ६०० ऐवजी ५८० धरा. ५ ते ६ मेगाबिट उत्तम, ४ चालेल, ३ च्या खाली चौकोन दिसणार. वरची मर्यादा नियमाने ९.८ मेगाबिट आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर मी ८ च्या वर जात नाही, कारण बरेच प्लेअर तिथे अडकतात. चार तास एकाच डिस्कवर घालायचेच असतील तर आकार ३५२ गुणिले ५७६ निवडा. तो नियमात बसतो, आणि पिक्सेल निम्मे झाल्याने आहेत ते बिट पुरतात.

डिस्क लिहिताना

विंडोजवर इमगबर्न, लिनक्सवर के३बी. डेटा डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल ठेवायची असेल तर फाइल सिस्टिम यूडीएफ निवडा. मधल्या प्रवासात पेनड्राइव्ह वापरणार असाल तर तो एफएटी३२ नसावा, त्यावरही ४ जीबीची फाइल बसत नाही. डीव्हीडी-व्हिडिओसाठी सॉफ्टवेअरने बनवलेलं व्हिडिओ_टीएस हे फोल्डर तसंच्या तसं डिस्कच्या मुळाशी असावं लागतं, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या पोटात नाही.

पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढा. ती त्याच प्लेअरमध्ये लावून बघा जिथे ती शेवटी चालणार आहे. सगळं ठीक असलं की मगच साध्या डिस्कवर, १६एक्सच्या डिस्कला ८एक्स वेगाने. लिहिताना दुसरी जड कामं चालू ठेवू नका. ‘व्हेरिफाय’ची खूण कधीही काढू नका, दहा-पंधरा मिनिटं जास्त लागली तरी. डिस्क ‘फायनलाइज’ करा, म्हणजे तिच्यावरचं लिहिणं बंद करा, नाहीतर साधे प्लेअर ती ओळखत नाहीत.

झाल्यावर डिस्क दुसऱ्या यंत्रात घाला आणि शेवटची दहा मिनिटं बघा. सुरुवात जवळजवळ नेहमी चालते, अडचण कडेलाच येते. कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो आणि पुढे सोलतोही. मऊ टोकाच्या, डिस्कसाठीच्या मार्करने वरच्या बाजूला नाव आणि तारीख लिहा. कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: मूळ फाइलचं नाव, ती कुठे ठेवली आहे, आरएफ किंवा बिटरेट किती घेतला. पुढे कधी आणखी मोठी डिस्क किंवा आणखी चांगला कोडेक हाती आला, तर तुम्ही या डिस्कवरून नव्हे, त्या मूळ फाइलवरून नवी प्रत काढाल. त्यासाठी मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि डिस्क चालली म्हणून ती पुसू नका.